वरच्या अंगाला

सोमनाथने सकाळी काय खाल्लं हे अख्ख्या फुलंब्रीला ठाऊक असायचं. पोह्यांची बशी, पोरीचा शाळेतला नाच, सासऱ्याच्या हाताला लावलेलं सलाईन, नव्या गाडीपुढे फोडलेला नारळ, सगळं त्याच्या स्टेटसवर. त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. उलट एखाद्याचं स्टेटस चार दिवस कोरं दिसलं की तो फोन करून विचारायचा, "काय रं, बरा हायस ना?" माणूस मनाने मोकळा. फक्त मोकळं आणि उघडं यातला फरक त्याच्या गावीही नव्हता.

धंदाही असा मिळाला की या सवयीला खतपाणीच. संभाजीनगर हर्सूल ओलांडून जळगाव रस्त्याने फुलंब्रीच्या दिशेने सरकत चाललं होतं, आणि मधल्या माळांवर चुन्याच्या रेघा मारून सोमनाथ प्लॉट विकत होता. कमान उभी राहिली की व्हिडिओ काढायचा, मागे गाणं लावायचं, खाली लोकेशन टाकायचं. समोरचा लग्नाचं बोलो की मयतीचं, सोमनाथचं पहिलं वाक्य ठरलेलं: "लोकेशन टाक."

त्याचा जिवलग दोस्त भारत मात्र पार दुसऱ्या टोकाचा. फुलंब्रीच्या शाळेत दोघे एका बाकावर बसले, एका डब्यात जेवले, एकाच मास्तरचा मार खाऊन मोठे झाले. भारत धनगराघरचा. आईबाप अजून मेंढरांमागे रानोमाळ, आणि हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर. मुकुंदवाडीत खोली करून राहायचा. फोनवर स्वतःचा फोटो नाही, स्टेटस नाही, लोकेशन कायम बंद. सोमनाथ त्याला 'तिजोरी' म्हणायचा.

एकदा दोघे कपड्याच्या दुकानात गेले. भारतने शर्ट घेतला, पैसे दिले, तर गल्ल्यावरच्या पोरीने मोबाईल नंबर विचारला. भारत म्हणाला, "शर्ट मी घालणार हाय, माझा फोन नाय." पोरगी म्हणाली, नंबराशिवाय बिल निघत नाही. भारत म्हणाला, मग हाताने लिहून द्या. मागे रांग वाढली, एक बाई कुरकुरायला लागल्या, आणि सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पुढे होऊन स्वतःचा नंबर देऊन टाकला. त्यानंतर वर्षभर सेलचे मेसेज सोमनाथला येत राहिले आणि भारत आरामात शर्ट वापरत राहिला.

"लपवायला हाय काय आपल्याकडं?" दुकानाबाहेर आल्यावर सोमनाथ भडकला. "लपवतो कोण? चोर. आपण काय चोरी केली?"

"माझा आबा मेंढरं कुठं बसवलीत ते सख्ख्या भावाला सांगत नाय," भारत म्हणाला. "त्यानं कुठं दरोडा घातला?"

"ते रानातलं झालं."

"मला तर सारखंच दिसतं. गवत कुठं हाय हे एकाला कळलं की पाठोपाठ दहा कळप येतेत. मग आपल्या मेंढरांनी काय माती खायची?"

"तुझ्या फोनमधी कोणतं गवत उगवलंय लेका?"

भारत हसला. "नसंल उगवलं. पण हाय का नाय ते मी सांगणार, दुकानवाला नाय."

हा वाद त्यांच्यात कितीदा झाला असेल याला गणती नाही. चहाच्या टपरीवर झाला, लग्नाच्या पंगतीत झाला, एकदा तर स्मशानाबाहेर झाला. दोघांनाही त्यात गंमतच वाटायची. हरण्यासारखं कोणाचंच काही नव्हतं तोवर गंमतच होती ती.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. विहिरी तळाला गेल्या, गावोगाव टँकर फिरू लागले, आणि टँकरवाल्यांनाच पाणी भरायला जागा सापडेना. सोमनाथच्या नव्या लेआउटचं नाव होतं हिरवाई पार्क. तिथे हिरवी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, कमानीचा रंग. बोअर मारला तर नुसता फुफाटा वर आला. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधी विचारायचं, "पाणी आहे का?" आणि सोमनाथ आभाळाकडे बघत म्हणायचा, "येतंय की."

अशात एका रविवारी भारत त्याच्याकडे आला. "तुझी पिकअप रिकामी हाय का? आबाकडं सरकी पेंड अन् मका पोचवायचाय. फटफटीवर मावत नाय."

"चल की. लोकेशन टाक."

"लोकेशन म्हणून मी शेजारी बसतो," भारत म्हणाला. आणि फुलंब्री मागे पडल्यावर जरा घुटमळत म्हणाला, "एक काम कर. तिथं फोन गाडीतच ठेव."

"आता मेंढरांचं पण गुपित का?"

"गुपित नाय. ठेव म्हणलो तर ठेव की."

डांबर संपलं, मग गाडीवाटही संपली, मग कोरड्या ओढ्याच्या पात्रातून गाडी हळूहळू चढली. त्या जागेचं नाव इथे सांगत नाही. आता सांगून बिघडायचं काही राहिलेलं नाही, तरीही सांगत नाही.

भारतच्या वडिलांनी, मल्हाररावांनी, सोमनाथला लांबूनच ओळखलं आणि काठी वर करून हाक मारली. भारतची आई, बानाबाई, चुलीपाशी होती. तिने येऊन त्याच्या गालावरून हात फिरवला. सोमनाथ हसत म्हणाला, "आबा, तुमचा पोरगा म्हणतो फोन घेऊन वाड्यावर यायचं नाय."

"ह्याचं ऐकतो का तू?" मल्हारराव म्हणाले. "राहू दे तुझा फोन. घरच्या माणसाला काय आडकाठी?"

भारत मक्याचं पोतं उचलून चालू लागला. फोन सोमनाथच्या खिशात राहिला.

मेंढवाड्याच्या खाली, ओढ्याच्या वळणावर करंजाचं झाड होतं. त्याखाली बोरीबाभळीच्या फांद्या अशा टाकलेल्या की बघणाऱ्याला वाटावं, कोणी कुंपणाचा कचरा फेकलाय. मल्हाररावांनी फांद्या बाजूला ओढल्या, खालची फरशी सरकवली. आत कमरेएवढा खड्डा, आणि तळाशी निवळशंख पाणी. वाळूतून पाझरत येणारा झिरा. बानाबाई वाटीने पाणी घ्यायची, घागर भरायची, मग थांबायची. पुन्हा पाझरेपर्यंत दम धरायचा, खड्डा खरवडायचा नाही. पाणी आधी कोकरांना, मग गाभण मेंढ्यांना, मग बाकीच्यांना. एवढ्याशा झिऱ्यावर अख्खा कळप पावसाळ्यापर्यंत निघणार होता.

पहिली वाटी मल्हाररावांनी सोमनाथपुढे धरली. "पी. ह्या झिऱ्याचं पाणी प्यालास, आता तू घरचा."

सोमनाथ प्यायला. पाणी गार होतं, त्याला करंजाच्या मुळांचा किंचित कडसर वास होता. आता मल्हारराव 'कोणाला सांगू नको' म्हणतील असं त्याला वाटलं, पण ते म्हणाले नाहीत. त्यांच्यात तसं म्हणायचं नसतं. झिऱ्याचं पाणी पाजलेल्या माणसाला 'सांगू नको' म्हणणं म्हणजे त्याची बेइज्जती.

तेवढ्यात वरच्या पायवाटेवरून एक फटफटीवाला ओरडला, "बाबा, इकडं पाणी कुठं हाय का?" मल्हाररावांनी घाईने फरशी परत जागेवर सरकवली, घागर घेऊन वर गेले, त्याला पोटभर पाणी पाजलं, त्याची बाटली भरून दिली. "पण झरा कुठं हाय?" त्याने विचारलं. मल्हाररावांनी डोंगराच्या दिशेने हात हलवला. "वरच्या अंगाला." तो माणूस बरं बरं म्हणत निघून गेला.

"वरच्या अंगाला म्हंजे कुठं हो मावशी?" सोमनाथने विचारलं.

"म्हंजे कुठंच नाय," बानाबाई पदराआड हसली. "तान्हेल्याला पाणी द्यावं लागतं बाबा. पर जागा परक्याला सांगत नसतेत."

सोमनाथला ते भारी आवडलं. बानाबाईने फरशी पुन्हा बाजूला केली तेव्हा त्याने फोन काढला आणि तिचा पाण्यात बुडणारा हात टिपला. मनगटावर गोंदलेला विंचू, हिरव्या बांगड्या, वाटीतून सांडणारं पाणी, आणि कडेला जीभ काढून उभं असलेलं कोकरू.

"कुठं टाकू नको," भारत मागून म्हणाला.

"येडा झाला का? माझ्यापुरता काढलाय."

आणि खरंच, त्या घडीला त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. माणूस वाईट नव्हताच. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

चार-सहा दिवसांनी संभाजीनगरच्या छावणी भागातल्या एका निवृत्त गृहस्थांनी हिरवाई पार्कमधला प्लॉट नको म्हणून कळवलं. पाण्याचा भरवसा नाही, म्हणाले. ते त्यांनी प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, आणि पाठोपाठ दुसरे दोघेही तसंच म्हणायला लागले. सोमनाथचं डोकं फिरलं. त्याने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भर मे महिन्यात आपल्याच पट्ट्यातलं पाणी! बघा आणि मग बोला.' वर कंपनीचं नाव, स्वतःचा नंबर.

लगेच कोणीतरी लिहिलं, 'नेटवरून उचललेला दिसतोय.' दुसऱ्याने हसण्याच्या चित्रांची रांग लावली. तिसरा म्हणाला, 'खरं असेल तर लोकेशन टाका.'

सोमनाथचा अंगठा थांबला. भारतचं बोलणं आठवलं, आठवलं नाही असं नाही. पण अख्ख्या ग्रुपसमोर तो खोटारडा ठरत होता. प्लॉट घेणारी पांढरपेशी माणसं, ती कशाला ओढ्यात उतरायला जातात, असं त्याने स्वतःला समजावलं. आणि लोकेशन टाकलं.

ग्रुप गप्प झाला. तेवढ्याने त्याला जे समाधान मिळालं त्याची पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची. संध्याकाळी त्याने दोन्ही गोष्टी पुसून टाकल्या आणि विसरून गेला. पुसल्याने काही पुसलं जात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यालाही होतं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, मल्हाररावांचा फोन आला. आवाज बसलेला होता. "सोमनाथा, गाडी घेऊन येतो का रं? कोकरं हलवायचीत. चालवत नेली तर मरतील."

"काय झालं आबा?"

"ये तू. आल्यावर बोलू."

करंजाचं झाड तेवढं जागेवर होतं. बाकी वळणाची ओळख पटत नव्हती. वाळूत टँकरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या, आणि झिऱ्याच्या जागी जेसीबीने उकरलेला भला मोठा खड्डा. जास्त पाणी लागेल म्हणून त्यांनी खालचा घट्ट थर फोडला होता. ज्या थरावर पाणी साचून होतं तोच फुटल्यावर सगळं खाली जिरून गेलं. टँकरवाल्यांनी एक खेप भरली, दुसरीला चिखल लागला, आणि ते गेले. फरशीचे दोन तुकडे काठावर पडले होते. खड्ड्यात मेंढ्या ओल्या मातीला तोंड लावत होत्या.

भारत आधीच आला होता. कोकरं उचलून एका जागी गोळा करत होता. त्याने सोमनाथकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

"त्यांना मी इचारलं," मल्हारराव सांगू लागले, "बाबांनो, तुम्हाला जागा कोणी सांगितली? तर म्हणले, मोबाईलवर आलीय." मग त्यांनी काठीचं टोक भारतकडे केलं. "मोबाईल कोणाचा? ह्याचा. कंपनीतल्या पोरांना मिरवायला दाखवलं असंल. इचारतो तर तोंडातून शब्द नाय काढत."

"अवो, पर..." बानाबाई हळूच म्हणाली आणि तिची नजर ओझरती सोमनाथवर गेली.

"त्याच्याकडं काय बघती?" मल्हारराव तिच्यावर खेकसले. "त्यानं आपलं पाणी प्यालंय. तो नाय सांगायचा. माझं रक्त फितूर झालं, दुसऱ्याला बोल लावू नको."

भारत कोकरू छातीशी धरून उभा होता आणि सरळ त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता. सोमनाथने बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच, "आबा, गाडी जरा अलीकडं लावतो. चढवायला सोपं जाईल."

भारतने नजर काढून घेतली.

कोकरं गाडीत चढली. नव्या मुक्कामाच्या अलीकडेच, एका फाट्यावर, मल्हाररावांनी गाडी थांबवायला लावली आणि कोकरं तिथे उतरवली. "आता पुढं आमचे आम्ही जाऊ," ते म्हणाले. सोमनाथच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. भारतकडे न बघता म्हणाले, "तू आता वाड्यावर येऊ नको. कुठं जातो ते तुला सांगणार नाय."

भारत खाली मान घालून गाडीत येऊन बसला. फुलंब्री जवळ आल्यावर भारतने फोन काढला आणि सोमनाथच्या पुढ्यात धरला. बानाबाईचा हात, गोंदलेला विंचू, वर सोमनाथचा नंबर, खाली लोकेशन. "आमच्या सुपरवायझरनं दाखवला. टँकरवाल्यांच्या ग्रुपवर फिरत होता म्हणे."

सोमनाथने गाडी कडेला घेतली. "मंग तू बोलला कामून नाहीस? तिथंच सांगायचं होतं, ह्यानं केलं म्हणून. माझं तोंड फोडायचं होतं."

"मी कामून सांगू?" भारत म्हणाला. "ते तुझं हाय. कोणाचं कोणी सांगायचं नसतं, हेच तर तुला इतकी वर्षं सांगत आलो."

तो तिथेच उतरला आणि मागून येणाऱ्या बसला हात केला.

त्यानंतर सोमनाथचं स्टेटस कोरं राहिलं. लोकांनी फोन करून विचारलं, बरा हायस ना. तो बरा म्हणायचा. घरात सोनियाने, त्याच्या बायकोने, पाण्याचा तांब्या पुढे केला की त्याला ती वाटी दिसायची. लाजेचं एक बरं असतं, ती दुसऱ्या कोणाला दिसत नाही. आणि तेच तिचं वाईटही असतं. मनातल्या मनात तो मल्हाररावांचे पाय धरून मोकळा व्हायचा, आणि फोन हातात घेतला की म्हणायचा, उद्या करू. बाप लेकाशी बोलत नव्हता आणि याचं उद्या काही उगवत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी तो मुकुंदवाडीत भारतच्या खोलीवर गेला. भारत ड्युटीवरून येऊन दारात बूट काढत होता. त्याने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"आबा कसे हायत?"

"दोन कोकरं गेली, आईनं सांगितलं. आबा फोनवर येत नाय." मग बुटाच्या नाडीशी चाळा करत म्हणाला, "एकदा आला. मी इचारलं, आबा कुठं हायस? म्हणला, वरच्या अंगाला."

सोमनाथला ते ऐकवेना. त्याने तिथेच, उभ्या उभ्या, मल्हाररावांचा नंबर लावला. पलीकडून लगेच आवाज आला, मागे मेंढरांचं बें बें. "सोमनाथा! बरी याद आली लेका. अरं, लई लांब आलो आम्ही. पर पाणी घावलंय. ये तू सवडीनं. सांगतो कुठं ते, फाट्यापासनं डावीकडं..."

"आबा, सांगू नका." सोमनाथ जवळजवळ ओरडला. "मला सांगू नका. ते मी केलं. भारतनं नाय. व्हिडिओ मी काढला, लोकेशन मी टाकलं. प्लॉट खपावे म्हणून टाकलं. भारत मला नको म्हणला होता."

पलीकडे नुसती मेंढरं ऐकू येत राहिली. सोमनाथला वाटलं, आता शिवी येईल. शिवी आली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्या दिशी कोकरं तूच उचलून घातली ना रं गाडीत," मल्हारराव म्हणाले, जसं काही त्यांना तेवढंच समजत नव्हतं. मग म्हणाले, "भारत हाय का तिथं? त्याला दे."

भारतने फोन घेतला आणि पाठ फिरवून गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथे खूप वेळ उभा होता. काय बोलणं चाललंय ते इकडे ऐकू येत नव्हतं. एकदा त्याने बाहीला डोळे पुसले, एकदा हसल्यासारखा दिसला. सोमनाथ दारातल्या बुटांशेजारी उभा राहिला.

भारत परत आला. फोन त्याने स्वतःच्या सदऱ्याला पुसून सोमनाथच्या हातात दिला.

"काय म्हणले?"

"रविवारी ये म्हणला मला."

सोमनाथचा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, मिटलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "पिकअप काढतो मी. कुठं हायत ते?"

भारतने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर जराही राग नव्हता. जवळ तांब्या होता, तो त्याने भरून सोमनाथपुढे धरला. सोमनाथ प्यायला. मग भारतने रेल्वे रुळांपलीकडे, जिकडे नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, तिकडे कुठेतरी हात हलवला.

"वरच्या अंगाला," तो म्हणाला.

"बरं," सोमनाथ म्हणाला. तांब्या खाली ठेवून तो निघाला.